गॅझेटमधलं पाणी आणि चारीतलं पाणी

परवा गावी गेलो होतो. पाथरी तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर आमची थोडी जमीन आहे. कालवा २०८ किलोमीटरचा, आणि आम्ही बरेच खालच्या अंगाला. त्यातही आमची चारी शेवटची. म्हणजे टेलचे टेल.

चारीच्या तोंडाशी सिमेंटचं एक छोटं बांधकाम आहे. पाणी किती आलं ते मोजायला त्यावर सेंटिमीटरची पट्टी रंगवली होती. आकडे कधीच पुसले गेलेत. शेजारी पाणी वापर संस्थेचा पत्र्याचा बोर्ड आहे, त्यावर नोंदणी क्रमांक अजून वाचता येतो. आत्ता त्याला कुणीतरी शेळी बांधली होती.

त्या संस्थेचे एक संचालक आमचे अण्णा होते. कायद्यात अशी सोय आहे की संचालक चारीच्या शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांतून यायला हवेत. अण्णा पुच्छवाले. निवडून आले तेव्हा पेढे वाटले होते. मग मार्च महिन्यात एक साहेब कागद घेऊन आले. कागदावर लिहिलं होतं, चारीची दुरुस्ती पूर्ण करून ती संस्थेच्या ताब्यात दिली. चारी मधे दोन ठिकाणी फुटलेली होती. अण्णांनी तसं सांगितलं. साहेब म्हणाले, "मार्चअखेर आहे काका, वर आकडा कळवायचाय. सही करा, दुरुस्ती होऊन जाईल." अण्णांनी सही केली. दुरुस्ती झाली नाही.

तेव्हा मला फक्त राग आला होता. तो आकडा "वर" म्हणजे नेमका कुठे जात होता, हे पुष्कळ वर्षांनी वाचायला लागल्यावर समजलं. तेच आज लिहितोय. जरा लांबलंय, पण वाचा.

जागतिक बँक आपल्याला काही नवी नाही. स्वतंत्र भारतानं तिच्याकडून पहिलं कर्ज घेतलं १९४९ मध्ये, रेल्वेसाठी, ३.४ कोटी डॉलरचं. तेव्हाचा हिशेब सरळ होता: पैसे घ्या, वस्तू घ्या, परत करा. पण बँकेला संस्था उभ्या करण्यातही रस होता. १९५५ मध्ये मुंबईत आयसीआयसीआय स्थापन झाली ती केंद्र सरकार, उद्योगपती आणि जागतिक बँक यांच्या पुढाकारानं. उद्योगांना दीर्घ मुदतीचं कर्ज देणारी संस्था देशात हवी, हा त्यामागचा विचार. १९८० मध्ये औरंगाबादला वाल्मी सुरू झाली, तीही बँकेच्या मदतीच्या सिंचन प्रकल्पाच्या निमित्तानं. पैठण रस्त्यावरून जाताना तिची कमान आपण सगळ्यांनी पाहिलीय. धरण बांधणारे इंजिनिअर खूप झाले, पण पाण्याचं व्यवस्थापन शिकवायला कुणी नव्हतं. वाल्मीनं ते काम अनेक वर्षं चांगलं केलं. म्हणजे कर्जातून आलेली संस्था वाईटच असते असं म्हणणं खोटं ठरेल.

नव्वदच्या दशकात बँकेची भाषा बदलली. प्रकल्प बांधून होतात, कर्ज फिटतं, पण कालवे दहा वर्षांत फुटतात, हे तिला जगभर दिसत होतं. १९९६ मध्ये बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन यांनी भ्रष्टाचाराला उघडपणे कॅन्सर म्हटलं. त्याआधी बँक या विषयाला हात लावत नसे, ते राजकारण समजलं जाई. त्यानंतर कर्जाबरोबर सिमेंटच्या जोडीला कायदे, प्राधिकरणं, समित्या येऊ लागल्या. आधी कारभार सुधारा, मग पैसे.

आपल्याकडे ते आलं २००५ मध्ये. महाराष्ट्र जलक्षेत्र सुधार प्रकल्प, कर्ज ३२.५ कोटी डॉलर. त्याच वर्षी दोन कायदे झाले. एक, शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा, ज्याच्याखाली अण्णांची संस्था झाली. दुसरा, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. पाण्यासाठी स्वतंत्र नियामक नेमणारं देशातलं पहिलं राज्य आपण. कायदे आणि कर्ज एकाच वर्षी आले हा योगायोग नव्हता. नवं प्राधिकरण उभं करणं आणि पाणी वापर संस्था काढणं हे कर्जाच्या प्रकल्पाचेच भाग होते.

कागदावर हे कायदे उत्तम आहेत, आजही मी तेच म्हणेन. पाणी एकरावर न देता मोजून द्यायचं. संस्थेचा हक्क ठरवून द्यायचा. राज्याचा एकात्मिक जल आराखडा करायचा आणि त्यात बसेल तेवढेच नवे प्रकल्प घ्यायचे. त्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल परिषद, मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली राज्य जल मंडळ.

आता प्रत्यक्षात काय झालं बघा.

राज्य जल परिषदेची पहिली बैठक व्हायला २०१३ उजाडलं. आठ वर्षं! आराखडा नव्हताच, आणि आराखडा नसताना प्रकल्पांना मंजुऱ्या मात्र मिळत राहिल्या. शेती, उद्योग आणि पिणं यांच्यात पाणी कसं वाटायचं, हा अधिकार मूळ कायद्यात प्राधिकरणाचा. तो व्यवहारात मंत्र्यांची समिती वापरत होती. शेतीचं पाणी उद्योगांकडे वळवण्यावरून विदर्भात वाद कोर्टात गेला, तेव्हा २०११ मध्ये कायदाच दुरुस्त केला आणि तो अधिकार मंत्रिमंडळाकडे घेतला. कर्जाचा प्रकल्प तेव्हा चालूच होता. ज्या प्राधिकरणासाठी एवढी खटपट केली त्याचा कणा काढला जात होता आणि हप्ते सुटत होते.

त्याच काळात सरकारच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीत दिसलं की जवळपास दहा वर्षांत राज्यातलं सिंचनाखालचं क्षेत्र १७.८ टक्क्यांवरून १७.९ टक्क्यांवर गेलं. ०.१ टक्का! त्यावरून पुढे काय रान उठलं ते सगळ्यांना आठवत असेल. ज्या खात्याचा कारभार "सुधारत" होता, त्याच खात्याची ही गोष्ट.

हे असं का झालं? मला सापडलेलं उत्तर फार हुशारीचं नाही. कर्ज देणारा लांब बसलेला असतो. त्याला दिसेल असंच मोजावं लागतं. कायदा पास झाला का? गॅझेट दाखवा. प्राधिकरण नेमलं का? आदेश दाखवा. किती संस्था नोंदल्या? आकडा द्या. शेवटच्या शेतात पाणी पोचलं का, हे वॉशिंग्टनमधून दिसत नाही, मुंबईतूनही दिसत नाही. मग सरकारी यंत्रणा, जी मूर्ख नाही, जे मोजलं जातं तेच करून दाखवते. अण्णांची सही हा त्यातलाच एक आकडा होता. वर कुठल्यातरी तक्त्यात आमची चारी "हस्तांतरित" झाली. कोरडी होती हे लिहायला तक्त्यात रकानाच नव्हता.

आणि आमचं काय? खरं सांगायचं तर आमचीही चूक आहे. संस्था "साहेबांची योजना" आहे असंच गावानं धरलं. पहिली वार्षिक सभा झाली, दुसरीला सात माणसं आली, तिसरी झालीच नाही. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांना संस्थेची गरज नव्हती, त्यांना पाणी मिळतच होतं. आम्हाला होती, पण आम्ही भांडलो नाही. पाणीपट्टी थकली, हिशेब कुणी मागितला नाही.

याउलट नाशिक जिल्ह्यात दिंडोरीकडचं वाघाड धरण बघा. तिथं १९९० च्या सुमारास ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं, बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या पुढाकारानं, पाणी वापर संस्था काढल्या. तेव्हा ना २००५ चा कायदा होता, ना ते कर्ज. टेलला पाणी येत नाही ही शेतकऱ्यांची स्वतःची नड होती. त्यांनी खात्याशी करार केले, पाणी मोजून घेतलं, पट्टी स्वतः गोळा केली. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हातात आलं. कायदा त्यांच्या मागून चालत आला. आमच्याकडे कायदा आधी आला आणि आम्ही त्याच्या मागे गेलोच नाही.

कर्ज देणाऱ्या बँकेचंही वेगळं नाही, बरं का. सरदार सरोवराला तिनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. पुनर्वसनाचे नियम तिच्याकडे तेव्हाही होते, कागदावर. नंदुरबारकडच्या मणिबेलीपासून मध्य प्रदेशातल्या गावांपर्यंत लोकांनी लढा दिला, तेव्हा बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. १९९२ मध्ये मोर्स समितीचा कडक अहवाल आला, मार्च १९९३ मध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं आणि त्याच वर्षी बँकेनं तक्रारी ऐकण्यासाठी तपासणी मंडळ स्थापन केलं. म्हणजे बँकेचा कारभारही सुधारला तो खालून रेटा आला तेव्हाच.

इथं कुणी म्हणेल, मग फेकून द्या ते कर्जाचे कायदे. थांबा. गोष्टीचा महत्त्वाचा भाग पुढेच आहे.

प्राधिकरणाच्या कायद्यात कलम १२(६)(ग) आहे. सोप्या भाषेत त्याचा अर्थ असा: तुटीच्या वर्षी त्रास सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा, म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं नियंत्रण करायचं. हे कलम कित्येक वर्षं झोपून होतं. वरची धरणं भरलेली आणि नाथसागर रिकामा, हे आपण दर दुष्काळात बघायचो. मग २०१२ चा दुष्काळ पडला. मराठवाड्यातल्या लोकांनी तेच कलम हातात घेतलं, याचिका केल्या, आकडे गोळा केले, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवल्या. मेंढेगिरी समितीचा अहवाल आला. १९ सप्टेंबर २०१४ ला प्राधिकरणानं आदेश दिला. त्यातून आलेला ६५ टक्क्यांचा नियम आज तुम्हाला पाठ आहे: १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा त्याहून कमी असेल तर वरून पाणी सोडायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. २०१५, २०१८, २०२३ मध्ये वरून पाणी आलं ते याच बळावर. आराखड्याचंही तेच. औरंगाबाद खंडपीठात जनहित याचिका झाली तेव्हा कुठे ते काम हललं.

कर्जानं आपल्याला एक रिकामं घर बांधून दिलं होतं. नऊ वर्षं त्याला कुलूप होतं. कुलूप उघडलं ते तहानलेल्या लोकांनी. पण घरच नसतं तर उघडायचं काय, हेही खरं. नाशिक-नगरच्या शेतकऱ्यांची बाजू वेगळी आहे, तीही ऐकायला हवी. निदान भांडण आता नियमाच्या चौकटीत होतं.

हे आत्ताच का लिहितोय? कारण पोकरा. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर सुरू झालेला, आता दुसऱ्या टप्प्यात गेलेला. तुमच्या गावात ग्राम कृषी संजीवनी समिती असेल. शेततळं, ठिबक, अनुदान हे सगळ्यांना माहीत आहे. समितीत कोण आहे ते किती जणांना माहीत आहे? हे कर्ज आपल्याच करातून फिटणार आहे. कुणी खैरात करत नाहीये.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तीनच प्रश्न विचारा. समितीची शेवटची बैठक कधी झाली आणि इतिवृत्त कुठे आहे? "पूर्ण" म्हणून कळवलेली कामं कोणती, चला बघून येऊ. आणि प्रकल्प संपल्यावर ही समिती राहणार का, तिचा खर्च कोण करणार? उत्तर देताना कुणी चिडलं तर समजा, प्रश्न बरोबर जागी लागलाय.

अण्णा आता नाहीत. त्या कागदाची झेरॉक्स त्यांच्या ट्रंकेत सापडली. खाली त्यांची वळणदार सही, आणि समासात पेन्सिलीनं लिहिलेलं: "चारी दोन जागी फुटकी आहे." तक्त्यात रकाना नव्हता, म्हणून त्यांनी समासात लिहून ठेवलं होतं. या दिवाळीत आम्ही पुच्छवाले बसणार आहोत, संस्थेची सभा बोलवायला. सात आले तरी चालतील.

तुमच्या चारीवरच्या संस्थेचं काय झालं? बोर्ड आहे, की संस्थाही आहे? लिहा.