लिबरल आर्ट्स महाविद्यालय : परदेशी विद्यार्थ्याचा प्रवेशअर्ज

अमेरिकेतील लहान निवासी महाविद्यालयांत चार वर्षांच्या पदवीसाठी इतर देशांतील विद्यार्थ्यांनी बारावीच्या वर्षात करावयाचा अर्ज. विल्यम्स (स्थापना 1793), ॲमहर्स्ट (1821), माउंट होल्योक (1837), ग्रिनेल (1846), स्वार्थमोर (1864) व पोमोना (1887) ही या प्रकारची नामांकित महाविद्यालये. यांतील प्रत्येकात साधारण दीड ते अडीच हजार विद्यार्थी असतात आणि भर पदवीपर्यंतच्याच शिक्षणावर असतो. त्यामुळे पहिल्या वर्षापासून प्राध्यापक स्वतः शिकवतात व विद्यार्थ्याला नावाने ओळखतात. कला, वाणिज्य, विज्ञान अशी शाखा आधी ठरवावी लागत नाही. मुख्य विषय बहुधा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जाहीर करायचा असतो. भौतिकशास्त्र घेणाऱ्याला नाट्यशास्त्र किंवा अर्थशास्त्रही त्याच पदवीत शिकता येते.

प्रस्तुत नोंद पैठण तालुक्यातील चितेगाव डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. छत्रपती संभाजीनगर–पैठण रस्त्यावरचे हे गाव कारखान्यांमुळे ओळखले जाते. व्हिडिओकॉनचा मोठा कारखाना येथेच उभा राहिला. घरात थोडी शेती आणि एकाचा कंपनीतला पगार अशी कुटुंबे या पट्ट्यात पुष्कळ. अशा घरातील हुशार मुलापुढे दहावीनंतर नीट किंवा जेईई हे दोनच रस्ते ठेवले जातात. लिबरल आर्ट्स महाविद्यालयाचा तिसरा रस्ता त्याला कोणी सांगत नाही, आणि सांगितला तरी तो श्रीमंतांचा समजून सोडून दिला जातो. हा समज पूर्णपणे खरा नाही.

पूर्वपीठिका : अमेरिकी महाविद्यालयाच्या दारात मराठी माणसाने टाकलेला एक जुना आणि अजूनही वाचण्याजोगा अर्ज आनंदीबाई जोशी यांचा. 1883 मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी पत्र लिहिले. ते महाविद्यालय वैद्यकीय होते, लिबरल आर्ट्सचे नव्हे. पण पत्राची घडण आजच्या निबंधाला मार्गदर्शक ठरते. आपण कोणत्या विरोधातून आलो, कशासाठी शिकायचे आहे, हे त्यांनी स्पष्ट लिहिले आणि प्रवेशाच्या सर्व अटी आपण पुऱ्या करू शकलो नाही तर नियम सैल करावा, अशी विनंतीही केली. 1886 मध्ये त्या तेथून पदवी घेऊन बाहेर पडल्या.

अभ्यासाची नोंद : या अर्जात नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागितले जातात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याची पहिली अडचण येथेच होते. आपल्याकडे दहावी व बारावीच्या बोर्डाच्या टक्क्यांना मोल असते; नववी आणि अकरावी ही मधली वर्षे मानली जातात. अकरावीची परीक्षा कनिष्ठ महाविद्यालय स्वतः घेते आणि पुष्कळ ठिकाणी ती कोणी मनावर घेत नाही. अर्ज मात्र बारावीच्या दिवाळीपासून नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरायचा असतो, बहुतेक निर्णय मार्चअखेरपर्यंत कळतात आणि बारावीचा निकाल मेमध्ये लागतो. म्हणजे ज्या निकालासाठी घर दोन वर्षे श्वास रोखून असते तो निकाल प्रवेश ठरल्यानंतर येतो, आणि निवड करणाऱ्यांसमोर असतात अकरावीचे गुण. बारावीच्या सहामाहीचे गुण आणि शिक्षकांनी वर्तवलेले अपेक्षित गुणही पाठवावे लागतात. मराठी माध्यमाच्या गुणपत्रिकांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

शिफारसपत्र : साधारणतः दोन विषयशिक्षकांची पत्रे आणि शाळेच्या वतीने समुपदेशकाचा अहवाल लागतो. समुपदेशक नसेल तर मुख्याध्यापक किंवा प्राचार्य तो भरतात. मराठवाड्यात बारावीचे अनेक विद्यार्थी नावाला एका कनिष्ठ महाविद्यालयात असतात आणि दिवसभर बसतात खासगी शिकवणीत. ज्याच्याकडे हजेरी त्याने मुलाला पाहिलेले नसते आणि ज्याने शिकवले त्याचे पत्र शाळेचे मानले जात नाही. इंग्रजीपेक्षाही ही उणीव जास्त अर्ज दुबळे करते. उत्तम, शिस्तप्रिय, आज्ञाधारक अशा विशेषणांचे पत्र निरुपयोगी. वर्गात या मुलीने कोणता प्रश्न विचारला, कोणत्या प्रयोगात चूक शोधली, असा एखादा खरा प्रसंग शिक्षकाने साध्या इंग्रजीत लिहिला तर त्याचे वजन मोठे. म्हणून ज्याला हा रस्ता धरायचा आहे त्याने अकरावीत प्रत्यक्ष वर्ग भरणारे महाविद्यालय निवडावे, टक्केवारीत ते थोडे खाली असले तरी.

निबंध व उपक्रम : बहुतेक महाविद्यालये 1975 मध्ये सुरू झालेल्या कॉमन ॲप या सामाईक अर्जातून प्रवेश देतात. त्यात एक मुख्य निबंध (कमाल 650 शब्द) आणि दहापर्यंत उपक्रम नोंदवता येतात. गावातील मुलांना वाटते, आपल्याकडे उपक्रमच नाहीत. पण कॉमन ॲपमध्ये घरच्या जबाबदाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत शेतात राबणे, आई कामावर असताना धाकट्या भावंडांचा स्वयंपाक आणि अभ्यास सांभाळणे, वडिलांच्या टपरीचा हिशेब ठेवणे, या सर्व नोंदी तेथे पूर्ण मानाने बसतात. आठवड्याला किती तास, वर्षातून किती आठवडे, हे मात्र खरे लिहावे. निबंध दुसऱ्याकडून लिहून घेऊ नये. विकत घेतलेल्या निबंधातला आवाज शिफारसपत्रातल्या मुलाशी जुळत नाही, आणि खोटेपणा उघड झाला तर दिलेला प्रवेशही रद्द होतो.

इंग्रजीसाठी टोफेल, आयईएलटीएस किंवा घरी संगणकावर देता येणारी ड्युओलिंगो परीक्षा बहुतेक ठिकाणी चालते. सॅट परीक्षा 2020 नंतर अनेक महाविद्यालयांनी ऐच्छिक केली. नियम बदलत असल्याने त्या वर्षीचा नियम संकेतस्थळावर पाहावा.

खर्च व आर्थिक साहाय्य : खासगी महाविद्यालयांत शिक्षण, राहणे व जेवण यांचा वर्षाचा जाहीर खर्च आता अनेक ठिकाणी 80 हजार डॉलरच्या वर आहे. हा आकडा पाहून घरची माणसे कागद मिटून ठेवतात. पण काही श्रीमंत महाविद्यालये निवडलेल्या विद्यार्थ्याची कुटुंबाला न झेपणारी सर्व गरज भागवतात. ॲमहर्स्ट व बोडन ही महाविद्यालये परदेशी अर्जदाराचा निर्णय घेतानाही त्याची ऐपत पाहत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी मात्र साहाय्य मागितल्याने निवड अवघड होते, कारण परदेशी विद्यार्थ्यांसाठीचा निधी मर्यादित असतो. अमेरिकी सरकारचे शैक्षणिक साहाय्य परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. आपल्याकडची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर व पीएच.डी.साठी आहेत, पदवीसाठी नाहीत. बारावीनंतर जाणाऱ्या गरीब मुलासाठी महाविद्यालयाचा स्वतःचा निधी हाच खरा आधार.

साहाय्यासाठी सीएसएस प्रोफाइल हा कुटुंबाच्या आर्थिक स्थितीचा सामाईक अर्ज किंवा महाविद्यालयाचा स्वतःचा अर्ज भरावा लागतो. नोकरदाराकडे फॉर्म 16 व आयकर विवरणपत्र असते. शेतीचे उत्पन्न आयकरमुक्त असल्याने शेतकऱ्याकडे विवरणपत्र बहुधा नसतेच. त्याने तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, सातबारा आणि बँकेचे उतारे भाषांतरासह द्यावेत आणि विवरणपत्र का नाही ते एका पानात समजावून सांगावे. नोकरी गेली असेल तर तेही लिहावे. व्हिडिओकॉन 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशा वेळी मागील वर्षाचे पगारपत्रक घराची आजची स्थिती सांगत नाही आणि वेगळे पत्र जोडणे हा अर्जदाराचा हक्क आहे. मागायला संकोच वाटून उत्पन्न फुगवून दाखवणारी घरे आहेत. त्यामुळे मिळू शकणारे साहाय्य कमी होते आणि प्रवेश मिळूनही जाता येत नाही. अर्जाची फी काही महाविद्यालये घेतच नाहीत, काही विनंतीवरून माफ करतात.

नोव्हेंबरमध्ये भरायचा ‘अर्ली डिसिजन’ अर्ज बंधनकारक असतो : निवड झाल्यास इतर अर्ज मागे घ्यावे लागतात. साहाय्य पुरेसे नसेल तर त्यातून सुटका मिळते, पण इतर ठिकाणच्या साहाय्याची तुलना करण्याची संधी जाते. नेहमीच्या मुदतीत अर्ज केल्यास उत्तर साधारण 1 मेपर्यंत द्यायचे असते.

दुसरा मार्ग : पुणे जिल्ह्यात मुळशी तालुक्यात 1997 पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेज या आंतरराष्ट्रीय शाळासमूहाचे महिंद्रा महाविद्यालय आहे. दहावीनंतर तेथे निवड होऊन गरजेप्रमाणे शिष्यवृत्ती मिळू शकते. युनायटेड वर्ल्ड कॉलेजांतून शिकलेल्यांना 2000 मध्ये सुरू झालेल्या डेव्हिस शिष्यवृत्ती कार्यक्रमामुळे अनेक लिबरल आर्ट्स महाविद्यालयांत साहाय्य मिळते. चितेगावच्या नववीतल्या मुलीच्या कानावर ही वाट वेळेत जायला हवी. अकरावीनंतर ती बंद झालेली असते.

मार्गदर्शन व व्हिसा : मुंबईतील युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनचे एज्युकेशनयूएसए केंद्र निष्पक्ष सल्ला देते, कमिशनवर चालणाऱ्या दलालाची गरज नसते. प्रवेश व खर्चाची तजवीज निश्चित झाल्यावर महाविद्यालय व्हिसासाठी लागणारे आय-20 हे पत्र पाठवते. त्यानंतर परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे 350 डॉलरचे सेव्हिस शुल्क, एफ-1 व्हिसाचे शुल्क आणि वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासात मुलाखत. मेमध्ये निकाल लागताच बारावीची अंतिम गुणपत्रिका महाविद्यालयाकडे पाठवावी लागते. वर्ग ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या आरंभी सुरू होतात, म्हणून पासपोर्ट अकरावीतच काढून ठेवावा.