गारव्याची वहिवाट

वाई मागे टाकून पसरणीचा घाट चढू लागले म्हणजे माणूस बारा-तेरा किलोमीटरांच्या वाटेत पावणेसहाशे मीटरांच्या आसपास उंच जातो, आणि तेवढ्याच चढणीत हवेचा पारा तीन-चार अंशांनी खाली येतो. या तीन-चार अंशांच्या भांडवलावर पाचगणी नावाचे गाव वसले, वाढले आणि शाळा-आरोग्यधामांसाठी नावारूपास आले. गारवा ही सृष्टीने फुकट वाटलेली देणगी आहे असा आपला सर्वसाधारण समज असतो. परंतु जुनी दप्तरे आणि जुन्या वास्तू थोड्या सावकाशीने पाहिल्या तर असे ध्यानात येते की शेताच्या बांधाला किंवा विहिरीच्या पाण्याला असावी तशी गारव्यालाही एक वहिवाट असते, आणि ती कोणाच्या तरी श्रमाने, कोणाच्या तरी द्रव्याने व पुष्कळदा कोणाच्या तरी हुकुमाने चालत आलेली असते.

इंग्रजी अमलाच्या आरंभी या वहिवाटीचा मार्ग अगदी सरळ होता: गारवा जेथे असेल तेथे आपण जावे. लॉडविक हा फौजी अधिकारी १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या डोंगरावर चढला. पुढे मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी तेथे ठाणे वसवण्याचे मनावर घेतले, आणि १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी तह करून वाई प्रांतातील खंडाळा हे गाव देऊन त्या बदल्यात हे रान कंपनी सरकारच्या ताब्यात आणले. एका गावचा वसूल देऊन थंड हवा विकत घेतल्याचा असा रीतसर दस्तऐवज इतिहासात फारसा आढळत नाही. त्यानंतर दर उन्हाळ्यात साहेबलोक, त्यांचे कारकून, खानसामे आणि दप्तरांच्या पेट्या असा सारा लवाजमा घाट चढू लागला, आणि मोटारी येईपर्यंत या लवाजम्याचे ओझे हमालांच्या खांद्यांवर आणि बैलांच्या मानेवर राहिले.

परंतु महाबळेश्वरच्या गारव्यात एक मोठी खोट होती. घाटमाथ्याच्या ऐन कडेवर बसलेले हे ठिकाण पश्चिमेकडून येणाऱ्या पावसाचा सारा मारा अंगावर घेते, आणि जून उजाडला की तेथली बिऱ्हाडे गुंडाळून खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसे. पाचगणी तेथून पूर्वेस अवघ्या अठरा-एकोणीस किलोमीटरांवर. समुद्रसपाटीपासून तिची उंची सुमारे १,२९३ मीटर, म्हणजे महाबळेश्वरहून जेमतेम साठ मीटरांनी कमी. तरीही पर्जन्यछायेत असल्यामुळे येथे पाऊस कितीतरी बेताने पडतो. बारमाही राहता येईल अशी जागा शोधण्याची कामगिरी जॉन चेसन यांच्यावर सोपवण्यात आली तेव्हा रुस्तुमजी दुबाश यांना बरोबर घेऊन त्यांनी हे डोंगर पालथे घातले आणि दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर व तायघाट या पाच गावांमधली माळरानाची जागा मुक्रर केली. पुढे तेच तेथले अधीक्षक झाले. सिल्व्हर ओक आणि पॉइन्सेटिया ही परदेशी झाडे त्यांनी येथे लावली, त्याचे कौतुक सर्वत्र होते, आणि ते उचितही आहे. परंतु माझ्या मते त्यांचे अधिक दूरदृष्टीचे कार्य म्हणजे शिंपी, धोबी, खाटीक, भाजीवाले व इमारतीचे ठेकेदार यांना बोलावून वसवणे हे होय. या मंडळींना जागा मिळाली ती बाजाराच्या खालच्या अंगास. वरच्या बंगल्यांतील स्वास्थ्य खालच्या गावठाणातील कष्टांवर उभे होते, आणि नकाशाची ही वर-खाल केवळ भूगोलाने ठरवली असेल असे मानण्याइतका मी भाबडा नाही.

चेसन यांच्या मागून शाळा आल्या, आणि शाळांच्या मागून रुग्ण आले. क्षयावर रामबाण औषध नव्हते त्या काळात शुद्ध, कोरडी आणि थंड हवा हाच मुख्य उपचार मानला जाई. १९१२ मध्ये डॉ. रुस्तुमजी बिलिमोरिया यांनी बेल-एअर हे क्षयरुग्णांचे आरोग्यधाम येथे स्थापन केले ते याच श्रद्धेवर. रुग्णाला गारव्याजवळ नेण्याची ही रीत. हिच्या नेमकी उलट, म्हणजे गारवाच रुग्णाच्या खोलीत आणण्याची रीत, जॉन गोरी या अमेरिकन वैद्याने फ्लॉरिडाच्या दमट किनाऱ्यावर १८४० नंतरच्या दशकात आरंभली होती. तापाने फणफणलेल्या रुग्णांच्या उशाशी बर्फ टांगून ठेवता ठेवता त्याला बर्फ करण्याच्या यंत्राची कल्पना सुचली. १८५१ मध्ये त्याने त्याचे पेटंट मिळवले, आणि चारच वर्षांनी, लोकांच्या चेष्टेचा विषय होऊन तो वारला. आजच्या प्रत्येक वातानुकूलित खोलीच्या पूर्वजांत या उपेक्षित माणसाची गणना करावी लागते.

ज्यांना डोंगर चढणे परवडत नव्हते त्यांनी काय केले, हा प्रश्न इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. शिवशाहीतील अठरा कारखान्यांच्या यादीत शरबतखाना आणि आबदारखाना ही दोन्ही खाती आढळतात; अकबराच्या पदरी तर सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचे पाणी थंड करण्याची विद्या अवगत होती. हे झाले दरबाराचे. रयतेच्या घरी ओल्या वाळूवर ठेवलेला माठ, त्यात सोडलेली वाळ्याची जुडी, आणि ऐपत असेल त्याच्या दारावर पाणी शिंपडलेला वाळ्याचा पडदा, एवढीच सामग्री. यामागचे शास्त्र चोख आहे: पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतील उष्णता शोषून घेते. मात्र त्यासाठी हवा कोरडी पाहिजे. म्हणून वाळ्याचा पडदा देशावर, साताऱ्या-पंढरपुराकडे, जसा कामाला येतो तसा मुंबईत मुळीच येत नाही. दमट हवेत पाणी सुकत नाही आणि घामही सुकत नाही.

मुंबईला बर्फाची ओढ लागली ती यामुळेच. फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्याने गोठलेल्या तळ्यांतून करवतीने कापलेला बर्फ भुशात बांधून १८३३ मध्ये जहाजाने कलकत्त्यास पाठवला. सुमारे १८० टन माल निघाला आणि चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला निम्म्याहून अधिक शाबूत पोहोचला. पुढे मुंबईतही बर्फघर उभे राहिले आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांत बर्फाची मिजास मिरवू लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बर्फ करणारे कारखाने देशातच निघाले तेव्हा हा समुद्रापारचा व्यापार हळूहळू आटला. त्या बर्फाची एक खूण मात्र अजून शिल्लक आहे: एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढीच, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट, आज दुकानदार एक टनाचा एसी म्हणून आपल्याला विकतो.

यंत्र आले तरी बर्फ लगेच हटला नाही. १९३४ मध्ये फ्रंटियर मेलच्या डब्यांत गारवा खेळवला तो फरशीखालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या भरून आणि त्यांवरून पंख्याने हवा ढकलून. वाटेतल्या नेमून दिलेल्या स्थानकांवर त्या लाद्या बदलाव्या लागत. मोटारीत कारखान्यातूनच बसवलेले शीतयंत्र प्रथम आले ते अमेरिकेत, पॅकार्ड कंपनीच्या १९४० सालच्या गाड्यांत. किंमत २७४ डॉलर, सामानाच्या कप्प्याची अर्धी जागा यंत्रानेच व्यापलेली, आणि ते बंद करायचे म्हणजे गाडी थांबवून, झाकण उघडून पट्टा उतरवायचा! दोन वर्षांत कंपनीने तो नाद सोडला. आपल्याकडे मोटारीतला एसी सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला त्यानंतर अर्धशतक जावे लागले. आणि आजही पसरणीचा घाट लागला की जुन्या गाडीचा चालक निमूटपणे एसीचे बटण बंद करतो, कारण चढण आणि कॉम्प्रेसर ही दोन ओझी एकाच इंजिनाला झेपत नाहीत.

जुनी झालेली गाडी भंगारात जाते, आणि तिच्या पोटातला कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कूलिंग कॉइल व ब्लोअर हा संच चांगल्या स्थितीत निघाला तर तो विजेच्या तारा न पोहोचलेल्या एखाद्या लहान खोलीस का बसवू नये, हा विचार कोणाही खटपटी कारागिराच्या मनात येणे स्वाभाविक आहे. जगभर असे प्रयोग करणारे हौशी लोक आहेत. पाचगणीच्या परिसरात हा विचार माणसांच्या निजण्याच्या खोलीपेक्षा स्ट्रॉबेरीच्या बाबतीत अधिक रास्त ठरतो. हिवाळ्यात तोडलेली फळे उन्हाची ऊब अंगात घेऊन शेडमध्ये येतात, आणि ती ऊब जितक्या लवकर निघेल तितके फळ अधिक टिकते. अशा फळास शून्य ते दोन अंश उत्तम. शिवारातल्या दहा बाय दहाच्या खोलीला ते साधले तर शेतकऱ्याला व्यापाऱ्याच्या गाडीची वाट पाहत मिळेल तो भाव पत्करावा लागणार नाही.

हिशेब मात्र कठोर आहे. मोटारीचा संच साधारणपणे एक ते दीड टनाच्या घरातला, म्हणजे एवढ्या खोलीस वाजवीहून मोठा. कारण तो उन्हात तापलेली काचेची पेटी चटकन थंड करण्यासाठी घडवलेला असतो. त्याचा कॉम्प्रेसर पट्ट्याने फिरतो. तो पट्टा विजेच्या मोटारीला जोडला आणि दोनच अश्वशक्ती लागली असे धरले तरी बारा व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर वाहावे लागतात. गाडीची नेहमीची बॅटरी पाव तासात मान टाकते. इंजिन लावावे तर ते खोलीबाहेरच हवे, एरवी त्याच्या विषारी धुराने माणूस दगावेल. शिवाय पाचगणीच्या उंचीवर हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे आठव्या हिश्श्याने विरळ, त्यामुळे साधे पेट्रोल इंजिन तेवढ्याच प्रमाणात कमी ओढते. गाडी धावताना कंडेन्सरला आयता वारा मिळतो, खोलीला तो स्वतंत्र पंख्याने द्यावा लागतो. इंजिनाचे हादरे सोसण्यासाठी बसवलेल्या रबराच्या नळ्या, आणि कॉम्प्रेसरबाहेर आलेल्या आसाभोवतीचा वलयाकार बंध, या दोन्हींमधून गॅस थोडाथोडा झिरपतच राहतो. घरातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पोलादी कवचात कायमचा बंद असल्यामुळे वर्षानुवर्षे निभतो, तसे येथे होत नाही. जुन्या गाड्यांतला गॅस तर ओझोनच्या थराला घातक म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वये हद्दपार झाला आहे. नवा गॅसही बेफिकिरीने हवेत सोडण्याजोगा नाही.

सर्वांत मोठी अडचण याहून निराळी. कॉइलवर बर्फ साचून हवा कोंडू नये म्हणून गाडीच्या संचात अशी योजना असते की कॉइल गोठणबिंदूच्या जवळ आली की कॉम्प्रेसर आपोआप सुटावा. म्हणजे माणसाला सुखावह असे तापमान हा संच सहज देतो, फळाला हवे असलेले दोन अंश देताना अडखळतो. ती योजना काढून टाकली तर बर्फ चढतो आणि मग तो वितळवण्याची वेगळी तजवीज करावी लागते. तेव्हा असा संच शिवारात बसवायचाच असेल तर त्याच्यावर सारा भार टाकू नये. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री येथला पारा बारा अंशांच्या आसपास उतरतो. जाड भिंतीच्या, थर्माकोलचे अस्तर लावलेल्या खोलीचे झरोके सूर्यास्तानंतर उघडून पहाटे बंद केले तर भिंतींची बरीच उष्णता बिनखर्चाने निघून जाते, आणि उरलेल्या अंशांसाठी कॉम्प्रेसर सकाळच्या तोडणीनंतरचे दोन-तीन तासच चालवावा लागतो, तोही सौर पट्ट्यांवर ऊन असताना.