शिक्षेचे माप कोणाच्या हाती?

ऑगस्ट १९८३ मधली गोष्ट. पुण्याच्या भारत फोर्ज कारखान्यात सकाळी अकरा चाळीसच्या सुमारास एक मदतनीस कामगार कामाच्या जागी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला आढळला. त्याला आरोपपत्र देण्यात आले, खात्यांतर्गत चौकशी झाली आणि दोष सिद्ध झाला. याआधी तीन वेळा त्याला गैरवर्तनाबद्दल किरकोळ शिक्षा झाल्या होत्या. या खेपेला कंपनीने त्याला बडतर्फ केले. त्याने कामगार न्यायालयात दाद मागितली. तिथून औद्योगिक न्यायालय, मग उच्च न्यायालय असा या प्रकरणाचा प्रवास झाला. कुठे शिक्षा जबर ठरली, कुठे ती योग्य ठरली. सर्वोच्च न्यायालयाने शेवटचा निकाल दिला तो जानेवारी २००५ मध्ये. बडतर्फी कायम झाली. मधे एकवीस वर्षांहून अधिक काळ गेला होता.

एवढी वर्षे वाद कशाचा चालला होता? झोप लागली होती की नव्हती, याचा नव्हे. एका डुलकीसाठी माणसाची नोकरी घ्यावी का, आणि ते कोणी ठरवावे, याचा वाद होता. बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याचा आपल्याकडचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. शिक्षेचे माप कोणाच्या हाती असावे?

सुरुवातीला हे माप पूर्णपणे मालकाच्या हाती होते आणि व्यवहारात तर ते जॉबरच्या हाती असे. मुंबईच्या कापडगिरण्यांत कामावर लावणारा जॉबरच आणि ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हणणाराही तोच. कारण सांगण्याचे बंधन नाही, कागद देण्याची पद्धत नाही. गेटवर रोज बदली कामगारांची रांग उभी असल्यामुळे काढलेल्या माणसाची जागा तासाभरातही भरता येई. अशा वेळी अपील करायचे तरी कोणाकडे?

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रचंड संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले होते. संपानंतर न्यायमूर्ती फॉसेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. पगाराच्या दरांबरोबरच तिच्यापुढे एक रुक्ष वाटणारा विषय होता, तो म्हणजे ‘स्थायी आदेश’. कामाच्या वेळा काय, रजा कशी मिळेल, दंड कधी होईल, कामावरून कधी काढता येईल, याचे लेखी नियम. नियम लेखी झाले की मालकाने ते मोडले असे म्हणता येते, म्हणून हा विषय दिसतो तेवढा रुक्ष नव्हता. लेखी नियमच नसेल, तर अन्याय झाला हे दाखवायला आधार उरत नाही.

१९३८ च्या मुंबई औद्योगिक विवाद कायद्याने या नियमांना प्रांतात कायदेशीर बैठक दिली. पुढे १९४६ मध्ये साऱ्या देशासाठी स्थायी आदेशांचा स्वतंत्र कायदा झाला. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना गैरवर्तन म्हणजे नेमके काय, हे लिहून ठेवणे भाग पडले. आदर्श स्थायी आदेशांत आणखी एक महत्त्वाचे वाक्य आले. शिक्षा देताना व्यवस्थापकाने गैरवर्तनाचे गांभीर्य, कामगाराचा पूर्वीचा सेवेतला इतिहास आणि इतर परिस्थिती विचारात घ्यावी, असे त्यात म्हटले होते. म्हणजे तोलून माप घालावे, हे मान्य झाले. पण तोलताना दांडी मारली तर तपासायचे कोणी?

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने न्यायाधिकरणे दिली. तेव्हा पहिलाच मोठा प्रश्न आला तोही मुंबईतून. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनने मुद्दा काढला की, काढलेल्या नोकराला परत घ्या असे सांगण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला नाहीच. जुन्या इंग्रजी कायद्याचे तत्त्व असे की, नोकरीचा करार मोडला तर नुकसानभरपाई मिळेल, पण नको असलेला नोकर मालकाच्या गळ्यात कोणी बांधणार नाही. १९४९ मध्ये फेडरल कोर्टाने हा युक्तिवाद फेटाळला. कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा वाद हाही औद्योगिक विवादच आहे, असा निर्णय झाला. गेलेली नोकरी परत मिळू शकते, ही कल्पना त्या दिवशी कायद्यात पक्की झाली.

तरीही दोन अडसर राहिले. पहिला असा की, एकट्यादुकट्या कामगाराचा वाद हा औद्योगिक विवाद मानला जात नसे. युनियनने किंवा बऱ्याच सहकाऱ्यांनी तो उचलून धरला तरच सरकार तो न्यायाधिकरणाकडे पाठवू शके. ज्याच्यामागे युनियन नाही, किंवा युनियनशीच ज्याचे पटत नाही, त्याने काय करायचे? हा अडसर १९६५ च्या दुरुस्तीने दूर झाला. बडतर्फ झालेला माणूस एकटा असला, तरी त्याचा वाद औद्योगिक विवाद ठरला.

दुसरा अडसर अधिक खोल होता. १९५८ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाची हद्द आखून दिली. मालकाचा हेतू प्रामाणिक नसेल, सूडबुद्धीने किंवा अनुचित प्रथेने कारवाई झाली असेल, चौकशीत नैसर्गिक न्यायाचा भंग किंवा मूलभूत चूक झाली असेल, अथवा निष्कर्षाला पुराव्याचा काहीच आधार नसेल, तरच हस्तक्षेप करावा. मालकाच्या निर्णयावर अपील ऐकल्यासारखे बसू नये. म्हणजे चौकशी नीट झाली का, हे न्यायाधिकरण पाही. शिक्षा जास्त झाली का, हे सहसा पाहू शकत नसे. कागद चोख असले की मालकाचे काम भागत असे.

ही रेषा पुसली गेली १९७१ मध्ये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६३ सालीच शिफारस केली होती की, कामावरून काढलेल्या माणसाला तटस्थ यंत्रणेकडे अपील करता आले पाहिजे. त्या शिफारशीचा आधार घेऊन संसदेने कायद्यात कलम ११-अ घातले. १५ डिसेंबर १९७१ पासून ते लागू झाले. बडतर्फी न्याय्य नाही असे वाटल्यास न्यायाधिकरणाला ती रद्द करता येऊ लागली, कामगाराला कामावर घेण्याचा हुकूम देता येऊ लागला, किंवा बडतर्फीऐवजी कमी शिक्षा देता येऊ लागली. १९७३ मध्ये फायरस्टोन टायर कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या बदलाचा अर्थ उलगडला. आधी मालकाची खात्री पटणे पुरेसे होते; आता न्यायाधिकरणाची खात्री पटायला हवी. पण त्याच निकालाने सांगितले की, त्या तारखेपूर्वी न्यायाधिकरणाकडे गेलेल्या वादांना या कलमाचा लाभ नाही. ज्यांची प्रकरणे आधीच रांगेत होती, त्यांच्या वाट्याला जुनेच माप आले.

महाराष्ट्राने याच सुमारास आपला स्वतंत्र कायदा केला. कामगार संघटनांना मान्यता देणारा आणि अनुचित प्रथांना आळा घालणारा हा कायदा १९७५ मध्ये अमलात आला. किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी, मागची सेवा न पाहता, धक्का बसावा इतकी जबर शिक्षा देणे हीच त्याने अनुचित प्रथा ठरवली. पुण्याच्या त्या कामगाराचा खटला याच कायद्याखाली चालला.

माप न्यायालयाच्या हाती आले, म्हणून ते सर्वत्र सारखे झाले का? दोन निकाल शेजारी ठेवून पाहू. १९८२ मध्ये उत्तर प्रदेशातील एका कामगाराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. वरिष्ठाशी त्याने धमकीवजा, असभ्य भाषा वापरली होती. पण चौदा वर्षांच्या सेवेत त्याच्यावर एकही डाग नव्हता. न्यायालयाने बडतर्फी रद्द केली आणि दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा दिली. २००५ मध्ये महिंद्र अँड महिंद्रच्या खटल्यातही वरिष्ठाला शिवीगाळ केल्याचाच आरोप होता. कामगार न्यायालयाने त्या कामगाराला परत घेण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र बडतर्फी कायम केली. शिक्षा कमी करण्याचा अधिकार अमर्याद नाही, त्याला ठोस कारण लागते, असे बजावले. कर्नाटकातल्या एसटी वाहकाच्या एका प्रकरणात हिशेबाबाहेरची रक्कम अवघी ९३ रुपये होती. तिथेही २००४ मध्ये न्यायालयाने म्हटले की, रक्कम किती यापेक्षा विश्वास गेला हे महत्त्वाचे.

या निकालांवरून एक मात्र दिसते. आता तराजूवर काय काय ठेवायचे, हे उघडपणे बोलले जाते. मागची सेवा, चिथावणी, कामाचे स्वरूप, विश्वास यांपैकी कशाला किती वजन द्यायचे यावर दोन न्यायाधीशांचे मतभेद होतील. पण ते कारणे देऊन होतील आणि त्या कारणांवर पुढे बोट ठेवता येईल. जॉबरच्या ‘उद्यापासून येऊ नकोस’पुढे ती सोय नव्हती.

उरतो तो वेळेचा प्रश्न. आधी सरकारने वाद न्यायालयाकडे पाठवण्याची वाट पाहावी लागे. २०१० च्या दुरुस्तीनंतर तडजोड अधिकाऱ्याकडे अर्ज करून पंचेचाळीस दिवस उलटले की, कामगाराला थेट न्यायालयात जाता येऊ लागले. त्यासाठी तीन वर्षांची मुदत होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि १९४६ व १९४७ चे ते दोन्ही कायदे इतिहासजमा झाले. बडतर्फी बदलून कमी शिक्षा देण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार नव्या संहितेत टिकला आहे. पण वाद उपस्थित करण्याची मुदत दोन वर्षांवर आली आहे, आणि स्थायी आदेशांची सक्ती शंभरऐवजी तीनशे कामगारांच्या आस्थापनांपासून सुरू होते.

म्हणजे लहान कारखान्यात गैरवर्तन कशाला म्हणायचे, हे पुन्हा लिहून ठेवण्याची सक्ती उरलेली नाही. १९२८ च्या संपानंतर जो विषय रुक्ष वाटला होता, तो सर्वांत आधी याच कामगारांना आठवेल. शिक्षेचे माप तपासायला न्यायाधिकरण आहे. पण तिथवर पोचायचे तर हातात नियमाचा कागद लागतो, आणि उमेदीची वर्षे संपण्याआधी मिळणारा निकाल लागतो.