रक्तात दडलेले भाकीत : हंटिंग्टन रोगाचा दीडशे वर्षांचा शोध
#थ्रेड

१/९
आपल्या रक्तात आपले भवितव्य लिहिलेले असेल, तर ते वाचावे का? हंटिंग्टन रोग असलेल्या घराण्यांतील तरुणांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा असतो. तो तिथवर कसा येऊन पोहोचला, त्याचा हा इतिहास.

२/९
१८७२. जॉर्ज हंटिंग्टन तेव्हा अवघे २२ वर्षांचे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर त्यांचे आजोबा आणि वडील डॉक्टर होते. काही घराण्यांत प्रौढ वयात हातपाय अनावर हलू लागतात, पुढे बुद्धीही ढासळते, हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले होते. त्या आधारे जॉर्ज यांनी या व्याधीचे वर्णन प्रसिद्ध केले.

३/९
त्यांनी एक मार्मिक गोष्ट टिपली : जे अपत्य या व्याधीतून सुटते, त्याच्या वंशात ती पुन्हा उद्भवत नाही. १९०० मध्ये मेंडेलचे नियम पुन्हा प्रकाशात आले आणि याचा अर्थ उलगडला. सदोष जनुकाची एकच प्रत पुरते. प्रत्येक अपत्याला धोका ५० टक्के.

४/९
लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसतात. तोवर पुढची पिढी जन्मलेली असते. १९६८ मध्ये अमेरिकेत लिओनोर वेक्सलर यांना या रोगाचे निदान झाले. माजी पती मिल्टन यांनी संशोधनासाठी संस्था उभारली. कन्या नॅन्सी यांनी तर आयुष्यच या शोधाला वाहिले. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरही तीच तलवार होती.

५/९
व्हेनेझुएलातील माराकायबो सरोवराकाठच्या गरीब वस्त्यांत हा रोग विलक्षण प्रमाणात होता. डॉ. अमेरिको नेग्रेते यांनी १९५५ मध्येच त्याकडे लक्ष वेधले होते. १९७९ मध्ये नॅन्सी तेथे पोहोचल्या आणि पुढे वर्षानुवर्षे जात राहिल्या.

६/९
परक्यांना रक्त का द्यावे? गावकऱ्यांची शंका रास्तच होती. तेव्हा परिचारिका फिडेला गोमेझ यांनी नॅन्सींच्या दंडावरील व्रण सर्वांना दाखवला. त्वचेचा नमुना त्यांनीही दिला होता. त्याही अशाच एका घराण्यातल्या होत्या. कालांतराने ४,००० हून अधिक रक्तनमुने जमले आणि सुमारे १८,००० व्यक्तींची वंशावळ तयार झाली.

७/९
या रक्ताच्या साहाय्याने १९८३ मध्ये जेम्स गुसेला आणि सहकाऱ्यांनी जनुकाचा माग चौथ्या गुणसूत्रापर्यंत काढला. १९९३ मध्ये प्रत्यक्ष जनुक सापडले. त्यात ‘सीएजी’ ही तीन अक्षरे ४० किंवा अधिक वेळा आली, तर रोग जवळजवळ अटळ. ‘होणार का?’ याचे उत्तर मिळाले, ‘कधी?’ याचे नेमके उत्तर मात्र नाही. उपाय नसल्यामुळे अनेकांनी चाचणी न करणेच पसंत केले.

८/९
चेतापेशींच्या लांब तंतूंच्या सांगाड्यात ‘न्यूरोफिलामेंट लाइट’ हे प्रथिन असते. तंतूंना इजा झाली की त्याचा अत्यल्प अंश रक्तात उतरतो. २०१७ मध्ये लंडनच्या एडवर्ड वाइल्ड यांच्या गटाने दाखवले की, सदोष जनुक असूनही लक्षणे नसलेल्यांत या प्रथिनाचे प्रमाण पुढील तीन वर्षांत रोग प्रकट होण्याशी निगडित असते. इतर मेंदूविकारांतही ते वाढते, म्हणून केवळ त्यावरून निदान होत नाही. औषध लागू पडते का, हे जोखण्यासाठी मात्र ते मोलाचे आहे.

९/९
आपल्यालाही हा रोग आहे, हे नॅन्सींनी २०२० मध्ये जाहीर केले. तो बरा करणारे औषध अद्याप नाही. ते येईल, तेव्हा सर्वांत जुने देणे माराकायबोच्या कोळ्यांचे असेल. जनुकाची वाट जगाला दाखवली ती त्यांच्या रक्ताने; औषध त्यांच्या झोपडीपर्यंत पोहोचले, तरच हा इतिहास पूर्ण झाला म्हणता येईल.