अक्षरकार : कौशल्याचे आर्थिक मूल्य

छपाई, जाहिरात, फलक आणि संगणकाचा पडदा यांसाठी अक्षरांची वळणे घडवणारा कलावंत म्हणजे अक्षरकार. त्याची गणना चित्रकारांत होत असली, तरी त्याच्या कामातून उभा राहणारा पैसा चित्रांच्या बाजारात क्वचितच दिसतो. तो छापखान्यात, बँकेत, सरकारी कचेरीत, नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवर आणि आता मोबाइलवर फिरतो. स्टुअर्ट कनिंगहॅम आणि पीटर हिग्ज या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी आपल्या देशातील जनगणनेच्या आधारे दाखवून दिले, की सर्जनशील व्यवसायांतील फार मोठा वर्ग कलाक्षेत्राबाहेरच्या उद्योगांत नोकरी करतो. देवनागरी अक्षरकारांची वाटचालही याच दिशेने झाली.

मुंबईत जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासण्याचे काम केले. पुढे त्यांनी स्वतःचा टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरची संस्कृत पुस्तके देशभर गेली, ती पाठशुद्धीइतकीच टाइपाच्या देखणेपणामुळे. हे टाइप राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. पोलादी कांडीच्या टोकावर अक्षर उलटे कोरायचे, ती कांडी तांब्यावर ठोकून साचा उठवायचा आणि त्यात शिशाचा रस ओतून खिळे पाडायचे, अशी ही पद्धत होती. कोरताना केसभर चूक झाली, तर ती पुढे प्रत्येक खिळ्यात उतरत असे. रोमन लिपीला शंभराच्या आसपास खिळे पुरतात. देवनागरीला मात्रा, रफार आणि जोडाक्षरे धरून कित्येक शेकडे लागत. जुळाऱ्याचा वेळ, छापखान्यातली जागा आणि पुस्तकाची किंमत या साऱ्यांचा हिशेब कोरणाऱ्याच्या हुशारीवर अवलंबून राही. लोकमान्य टिळकांसारख्या संपादकाने खिळ्यांची संख्या घटवण्याच्या प्रश्नात जातीने लक्ष घातले, ते याच कारणाने. जावजींचे नाव कोशांतून टिकले. आरूंचे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ही उणीव भरून निघायला हवी.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकांना स्वतंत्र चेहरा दिला. वर्तमानपत्रातल्या लहानशा चौकटीत नाटकाचा गंभीर किंवा खेळकर सूर अक्षरांतूनच कळे. निर्मात्याच्या दृष्टीने ती चौकट म्हणजे त्या आठवड्याची तिकीटविक्री होती.

या कौशल्याचा पसारा सर्वांत ठळकपणे दिसतो तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांच्या कामात. उल्का या जाहिरात संस्थेत कलादिग्दर्शक, पुढे आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापक आणि त्यानंतर नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत संशोधन, असा त्यांचा प्रवास. मायक्रोसॉफ्टसाठी त्यांनी केलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोज २००० बरोबर जगभर गेला. तमिळ, गुजराती, कन्नड आदी लिप्यांचे फाँटही त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. अशा फाँटमध्ये सुंदर वळण पुरेसे नसते. ‘कि’ टंकताना क आधी येतो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे उमटली पाहिजे, ‘र्क’मधला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढला पाहिजे, क आणि ष जोडले की ‘क्ष’ व्हायला हवा. हे नियम ज्याला लेखणीतून उमगले आहेत तोच संगणकाला ते नेमके सांगू शकतो. सातबाऱ्यापासून निविदा सूचनेपर्यंत लाखो मराठी कागद ‘मंगल’मध्ये टंकले गेले. त्या कामाची किंमत फाँटच्या मानधनात सापडणार नाही.

रुपयाचे चिन्ह हे याहून उघड उदाहरण. सरकारने खुली स्पर्धा घेतली. आयआयटी मुंबईच्या त्याच केंद्रात संशोधन केलेल्या डी. उदय कुमार यांचे, देवनागरी ‘र’ आणि शिरोरेषा यांवर बेतलेले चिन्ह १५ जुलै २०१० रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केले. बक्षीस अडीच लाखांचे होते. त्याच वर्षी चिन्हाला युनिकोडमध्ये स्थान मिळाले आणि २०११ पासून ते नाण्यांवर आले. आज किराणा दुकानातल्या छापील पावतीपासून केंद्रीय अर्थसंकल्पापर्यंत देशातले असंख्य हिशेब त्याच आकृतीने लिहिले जातात.

मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ हे फाँट मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतात. एखादा लहान प्रकाशक, शाळा किंवा वृत्तसंकेतस्थळ एक पैसाही न भरता त्यांवर आपले काम चालवते. विक्री नसल्यामुळे विक्रीच्या आकड्यांत हे मूल्य दिसत नाही. उद्योगांच्या वर्गीकरणातही अडचण तशीच राहते : स्वतंत्र अभिकल्प संस्थांसाठी वेगळा वर्ग असला, तरी माणूस मोजला जातो तो मालकाच्या धंद्याखाली. त्यामुळे बँकेतला अक्षरकार बँकिंगमध्ये, वृत्तपत्रातला प्रकाशनात आणि सॉफ्टवेअर कंपनीतला संगणकसेवेत धरला जातो. तिघांचे कौशल्य एकत्र मोजायचे, तर उद्योगाच्या जोडीने व्यवसायाची नोंदही पाहावी लागते. कनिंगहॅम आणि हिग्ज यांनी जनगणनेतून नेमके हेच केले.