मुलांच्या हाती कोणते पुस्तक?

ग्रंथालयासाठी प्रौढांची पुस्तके निवडावयाची असली म्हणजे वाचक स्वतःच आपले मत सांगत असतो. तो मागणी नोंदवितो, तक्रार करतो आणि अगदीच मनासारखे मिळाले नाही तर वर्गणी बंद करतो. बालवाचकाची गोष्ट निराळी आहे. त्याचे पुस्तक लिहितो प्रौढ, छापतो प्रौढ, मंजूर करतो प्रौढ आणि विकत घेतो तोही प्रौढच. मुलाच्या वाट्याला येते ते केवळ वाचणे, अथवा न वाचणे. या न वाचण्यातच त्याचा सारा अभिप्राय सामावलेला असतो, पण तो ऐकण्याची सवय मोठ्यांना फार उशिरा लागली. म्हणून मराठी बालग्रंथांचा इतिहास हा एका अर्थी निवड करणाऱ्यांचा इतिहास आहे. विशेष असे की, त्याची काही महत्त्वाची पाने महाराष्ट्राच्या बाहेर लिहिली गेली.

पहिले पान तंजावरचे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरचे विद्याप्रेमी राजे दुसरे सरफोजी यांनी आपल्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचे मराठी रूपांतर छापविले. त्याचे नाव ‘बालबोधमुक्तावली’. तमिळ प्रदेशात मराठी अक्षरांत उमटलेल्या या पुस्तकाच्या नावातच बालक आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यानंतर थोड्याच वर्षांनी बंगालमध्ये, श्रीरामपूर येथे, विल्यम कॅरे यांच्या देखरेखीखाली ‘सिंहासनबत्तिशी’ १८१४ साली व ‘हितोपदेश’ १८१५ साली मोडी लिपीत छापून निघाले. पशुपक्ष्यांच्या आणि राजाराण्यांच्या या गोष्टी म्हणजे मुलांची जन्मजात आवड. परंतु त्या छापण्यामागचा हेतू मराठी शिकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांची सोय हा होता. मुलाचे पुस्तक मुलासाठीच निवडले जाते असे नाही, हा धडा अगदी आरंभीच मिळाला.

मुंबईत एल्फिन्स्टनसाहेबांच्या आश्रयाने १८२२ साली शाळा आणि शालेय पुस्तके यांच्यासाठी एक मंडळी स्थापन झाली. एतद्देशीय मुलांच्या हाती काय द्यावे, याचा संघटित विचार येथे सुरू झाला. या मंडळीचे काम करणाऱ्या सदाशिव काशीनाथ तथा बापू छत्रे यांनी १८२८ साली ‘बाळमित्र’ सिद्ध केला. मूळ ग्रंथ बर्क्विन या फ्रेंच लेखकाचा. तो इंग्रजीतून मराठीत आला. त्याच वर्षी छत्र्यांची ‘इसपनीतिकथा’ही प्रसिद्ध झाली. छत्र्यांची भाषा सरळ व घरगुती असल्यामुळे ही पुस्तके पुढील पिढ्यांच्याही स्मरणात राहिली. तथापि निवडीची कसोटी एकच होती, ती म्हणजे पुस्तकातून कोणता बोध होतो. कथा ही औषधाभोवती लावलेल्या गुळासारखी समजली जात होती.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते सुरू झाले आणि निवड हे सरकारी काम बनले. कोशकार म्हणून प्रसिद्ध असलेले मेजर थॉमस कँडी हे सरकारचे मुख्य मराठी भाषांतरकार. शालेय मराठी पुस्तके त्यांच्या नजरेखालून जात. मराठीत विरामचिन्हे रुळविण्याचे श्रेयही बऱ्याच अंशी त्यांचेच. त्यांनी पुस्तके बारकाईने वाचली, शुद्धलेखनाला एकरूपता आणली, हे त्यांचे ऋण मोठे. परंतु एकाच टेबलावरून साऱ्या इलाख्याची भाषा घडू लागली, की ती स्वच्छ होते आणि थोडी निर्जीवही होते. ज्या मुलासाठी हे सारे चालले होते, ते त्या टेबलापासून फार दूर होते.

हे अंतर कमी केले ते मासिकांनी. शिक्षणखात्यातच नोकरी केलेले विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले आणि १९१४ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा त्याचा साचा असे. उपदेश त्यातही होताच. पण दरमहा वर्गणी मागणाऱ्या संपादकाला मुलाच्या कंटाळ्याची दखल घ्यावीच लागते. १९०६ मध्ये वासुदेव गोविंद आपट्यांनी काढलेल्या मासिकाचे तर नावच ‘आनंद’. ‘बालबोध’ ते ‘आनंद’ या पाव शतकाच्या प्रवासात निवडीची कसोटी किती बदलली, ते या दोन नावांवरूनच कळते.

मात्र मासिक पोचते ते वर्गणी भरू शकणाऱ्या घरी. ज्या घरात पुस्तकच नाही तेथल्या मुलाचे काय, हा प्रश्न खऱ्या अर्थाने हाती घेतला तो बडोद्याने. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो कायदा सर्व राज्याला लागू केला. परंतु शाळा सुटली की अक्षरेही सुटतात, हे महाराजांच्या ध्यानी आले. वाचावयास काही नसेल तर शिकलेले मूल पुन्हा निरक्षर होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले.

बॉर्डन ज्या कनेक्टिकट राज्यातून आले, तेथेच हार्टफर्ड शहरी कॅरोलाइन ह्यूइन्स नावाच्या ग्रंथपालबाई या प्रश्नावर एक पिढी आधीपासून झटत होत्या. १८८२ मध्ये त्यांनी मुलांसाठी निवडक पुस्तकांची यादी छापली आणि त्याच वर्षी देशातील ग्रंथपालांना पत्रे पाठवून, मुलामुलींना चांगल्या वाचनाची गोडी लावण्यासाठी आपण काय करीत आहात, असे विचारले. यादी करणाऱ्याने पुस्तक वाचलेले असावे आणि मुलेही पाहिलेली असावीत, हा त्यांच्या कामाचा पाया होता.

बडोद्यात हे तत्त्व भारतीय परिस्थितीत उतरले. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग झाला व तेथे पुस्तकांच्या जोडीला खेळ आणि चित्रे आली. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेडोपाडी जाऊ लागली. गावाने काही रक्कम जमविली की तितकीच भर प्रांत पंचायत व सरकार घालीत असे. त्यामुळे ग्रंथालय हे गावाला आपले वाटे. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्याने तर १९०६ पासूनच लोकवर्गणीतून मित्रमंडळ ग्रंथालये उभारली होती. पण पेटीत भरावयाला योग्य पुस्तके होती कोठे? या उणिवेवर उपाय म्हणून महाराजांनी वाङ्मयासाठी दोन लक्ष रुपयांचा निधी बाजूला काढला. त्यातून ‘श्री सयाजी साहित्यमाला’ आणि मुलांसाठी ‘श्री सयाजी बालज्ञानमाला’ निघाली. गुजरातीबरोबर मराठीतही पुस्तके झाली. निवडण्याजोगे नसेल तर ते निर्माण करणे हेही निवड करणाऱ्याचेच कर्तव्य, हे बडोद्याने दाखविले.

पुढे १९३१ मध्ये डॉ. रंगनाथन यांनी मद्रासेत ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक लाभावे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हा त्यांतील दोन नियमांचा आशय. स्वातंत्र्यानंतर साधने वाढली. १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट आणि शंकर पिल्ले यांचा चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट स्थापन झाले; १९६७ मध्ये महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला; १९८७ च्या खडूफळा मोहिमेने प्राथमिक शाळांना ग्रंथसंच देण्याचे ठरविले. शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघू लागल्या. या याद्यांची गरज नाकारता येणार नाही. खेड्यातील शिक्षकाला सारी पुस्तके चाळून पाहणे शक्य नसते आणि सार्वजनिक पैशाला हिशेब लागतो.

परंतु हिशेबाचेही एक दुखणे आहे. पुस्तक एकदा जडसंग्रहाच्या नोंदवहीत चढले की ते टेबलखुर्चीच्या पंक्तीला बसते. हरवले तर भरपाई कोणी करावयाची, या धास्तीने कपाटाला कुलूप लागते. तपासणीच्या दिवशी संख्या बरोबर भरते, पाने कोरी करकरीत असतात आणि अंमलदार संतोषाने सही करून जातो. वास्तविक ती कोरी पानेच निवड चुकल्याची अथवा वाया गेल्याची साक्ष असतात. ज्या मुलाच्या घरी दुसरे पुस्तक नाही, त्याच्यापुरती ही चूक पुढच्या वर्षी दुरुस्त होत नाही, कारण पुढच्या वर्षी ते मूल शाळेत असेलच असे नाही.

दोन शतकांच्या या वाटचालीतून निष्पन्न होणारी कसोटी साधी आहे. जो निवडतो त्याने पुस्तक प्रथम स्वतः वाचावे, मग ते मुलाला द्यावे आणि ते त्याचे काय करते हे पाहावे. छत्र्यांची भाषा, कँडींची काटेकोर नजर, आपट्यांचा आनंद आणि बडोद्याची पेटी या चारही गोष्टी त्यासाठी लागतात. वर्षाच्या शेवटी नवी यादी करण्यापूर्वी देवघेवीची नोंदवही उघडून पाहावी. कोपरे दुमडलेली, कणा उसवलेली, पुन्हा पुन्हा बांधावी लागलेली पुस्तके एका बाजूस काढावीत. मुलांनी केलेली निवड ती हीच. नवी यादी तेथून सुरू व्हावी.