गिरणी, रूळ आणि करडीचं तेल

आमच्या नांदेड-लातूरकडं चहाच्या टपरीवर दहा मिनिटं बसलं की तीन मतं हमखास ऐकू येतात. एक, निजामानं मराठवाडा नुसता लुटला. दोन, कारखाने होते ते निजामाच्याच काळात, पुढाऱ्यांनी ते घालवले. आणि तीन, नव्या पोरांच्या जिभेला जुनं रुचत नाही, म्हणून करडीचं तेल गेलं. ही मतं ऐकतच आम्हीही वाढलो. आज ती जरा तपासून बघू.

नांदेडची रेल्वे १९०० च्या सुमारास आली, हैदराबाद-मनमाड मार्गावर. पुष्कळजण तिचं श्रेय उस्मान अली खानांना देतात. पण ते गादीवर आले १९११ साली. रेल्वे त्यांच्या वडिलांच्या काळातली. उस्मानशाही गिरणी मात्र त्यांच्या काळातली. तेव्हा 'काहीच केलं नाही' हे टिकत नाही. पण 'सुवर्णकाळ' तरी कुठं टिकतो? १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघालं ते उर्दू माध्यमाचं. मराठी लेकरानं वर शिकायचं तर आधी दुसऱ्याची भाषा गिरवायची. स्वामी रामानंद तीर्थांना तुरुंगात का जावं लागलं, १९४८ पर्यंत रझाकारांच्या भीतीनं लोक गाव का सोडत होते, हेही सांगायला नको का?

मग उद्योग का फोफावले नाहीत? कारणं अनेक आहेत, पण एक अगदी डोळ्यांपुढं होतं: रुळांची रुंदी. नांदेडची लाईन मीटरगेज. लातूरला १९११ मध्ये पोचली ती बार्शी लाईट रेल्वे त्याहून अरुंद, अडीच फुटांची. मनमाडला किंवा कुर्डुवाडीला माल उतरवायचा, पुन्हा मोठ्या गाडीत भरायचा. हमाली दोनदा, वेळ दुप्पट. वर लातूर निजामाच्या मुलखात आणि बार्शी इंग्रजांच्या, म्हणून मध्ये करोडगिरीचा नाका, म्हणजे जकात. आपला कापूस, आपली डाळ बाहेर जाताना महाग होत गेली.

निजाम गेला, रूळ तेच राहिले. नांदेडला ब्रॉडगेज १९९० च्या दशकात आलं. लातूर-कुर्डुवाडी मार्ग पुरा रुंद व्हायला २००८ उजाडलं. दरम्यान या दोन जिल्ह्यांनी राज्याला शंकरराव चव्हाण, निलंगेकर आणि विलासराव देशमुख असे मुख्यमंत्री दिले. पुढं अशोक चव्हाणही झाले. रेल्वे दिल्लीची, हे खरं. पण दिल्लीत ही मागणी किती रेटली, हे नेमकं विचारता येतं. नुसतं 'पुढाऱ्यांनी खाल्लं' म्हटलं की कुणालाच उत्तर द्यावं लागत नाही. आणि रुंदी किती महत्त्वाची, हे एप्रिल २०१६ मध्ये कळलं. मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाण्याची गाडी आली, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर घेऊन. ती धावली याच, रुंद झालेल्या मार्गावरून.

आता करडी. ज्वारीच्या रानात तिचे तास असायचे. तेल घरचं, पेंड जनावरांना. पण करडी काटेरी. काढणीला मजूर मिळेना. सोयाबीन शंभरेक दिवसांत हाताशी येतं, मळणीयंत्रातून निघतं, मोंढ्यात लगेच विकलं जातं. शेतकऱ्यानं हिशेब केला आणि पीक बदललं. जिभेचा दोष नव्हता. रानातली करडी गेली तसं घरचं तेलही गेलं, आणि बोल लागला सूनबाईच्या फोडणीला.

आपण माणूस शोधतो, कधी निजाम, कधी पुढारी, कधी सून. कारण मात्र तसंच मागं राहतं. म्हणून येत्या १७ सप्टेंबरला झेंडावंदन झालं की घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. निजाम कसा होता हे विचारू नका. तुमचा माल गावातून कसा जायचा, नाक्यावर काय द्यावं लागायचं, घरात तेल कुठून यायचं, हे विचारा. सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.